पिकअप घरीच उचलायची? आधी भरून मोजा

प्रश्न गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदारांचा आहे. इसुझू व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, काही पावसाळे काढलेली. रिकामी उभी असली की नाक खाली आणि पाठ वर दिसते. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, उतरणाऱ्या मातीच्या रस्त्यावर पोट दगडांना घासते. पुढे तीन इंच आणि मागे दोन इंच उचलणारे किट ऑनलाइन बघून ठेवले आहे. घरी जॅक आहे, पाने आहेत, गाड्यांची आवड असलेला पुतण्या आहे. घरच्या घरी जमेल का, आणि आरटीओचे काही लफडे होईल का, एवढे त्यांना हवे आहे.

जमेल. पण पुढचा दीड इंच जमेल, तीन नाही. आणि मागचे दोन इंच तुम्हाला बहुधा नकोच आहेत. सस्पेन्शनचे काम करत आयुष्य गेले म्हणून सांगतो, यात नट खोलणे सोपे असते. काय खोलायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे ठरवायलाच डोके लागते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिले म्हणजे नाक खाली असणे हा दोष नव्हे. पिकअपची पाठ कंपनी मुद्दाम उंच ठेवते, कारण हौद्यात माल पडला की मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, दबतात आणि गाडी सरळ होते. तुम्ही रिकामी गाडी सरळ केलीत तर भरल्यावर ती नाक वर करून बसेल. मग पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो, स्टिअरिंग हातात पोकळ लागते आणि दिवे आंब्याच्या शेंड्यावर पडतात. म्हणून कोणी गाडी उचलायला आणली की मी आधी विचारतो, हौद्यात काय असते? नुसती हौसेची गाडी असेल, हौद्यात कधीच काही पडत नसेल, तर उत्तर वेगळे. तुमच्या हौद्यात नारळ, खताची पोती आणि पावसाच्या तोंडावर फवारणीच्या बोर्डो मिश्रणाचे पिंप असते. तुमची गाडी भरलेलीच मोजली पाहिजे.

मोजायचे असे. सपाट सिमेंटची जागा शोधा. घरासमोरचे अंगण नको, ते पाणी वाहून जावे म्हणून उतरते केलेले असते. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी भरा, डिझेल अर्ध्या टाकीच्या आसपास असू द्या. गाडी चार पावले मागेपुढे करून हँडब्रेक न लावता थांबवा, दोन्ही टोकांना बंपरवर जोर देऊन हलवा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. मग प्रत्येक चाकाच्या मधोमध, म्हणजे हबच्या मध्यापासून, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात घुसते. पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या कमानी मुळातच सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे या आकड्यांवरून गाडी सरळ आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब आणा. दाराखालच्या पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला ट्यूब धरली की गाडी किती झुकली आहे ते दिसते.

आता हौद्यात दोनशे लिटरचे पिंप ठेवा, मागच्या चाकांच्या रेषेत, आणि पाण्याने भरा. पाण्याचेच दोनशे किलो झाले. गाडीच्या कागदावर जेवढे वजन मान्य आहे त्याच्या आत राहा. दोन माणसे केबिनमध्ये बसवा आणि सगळी मापे पुन्हा घ्या. भरल्यावर ट्यूबमध्ये गाडी सरळ दिसली तर तिची ठेवण उत्तम आहे. दिसण्यासाठी पुढून थोडे उचलायचे असेल तर उचला, पण रिकामी असताना मागे थोडी चढण शिल्लक ठेवा. भरल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली गेली तर तुमचे पाटे थकले आहेत, आणि आधी ते काम आहे. एका बाजूचे माप दुसऱ्या बाजूपेक्षा दहा-बारा मिलिमीटरने वेगळे आले तर एखादा पाटा तुटला आहे का, शॅकलचा बुश, म्हणजे पाटा चॅसीला टांगणाऱ्या कडीतले रबर, खाल्ला आहे का हे बघा. वाकड्या गाडीखाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, घातला तर ती तेवढीच वाकडी, फक्त उंच होते.

पोट घासते म्हणता. काय घासते? पुतण्याला टॉर्च देऊन गाडीखाली घाला. ताजे ओरखडे चमकतात, जुने गंजलेले असतात. मागच्या अॅक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शिअल, घासला असेल तर तुमच्या किटचा शून्य उपयोग. पाटे कितीही उचला, अॅक्सल चाकांच्या मध्येच राहणार. त्याच्याखालची जागा वाढते ती फक्त मोठ्या टायरने, आणि तीही वाढलेल्या व्यासाच्या निम्मी. २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० आर १६ घातले तर व्यास २८ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गोळा १४ मिलिमीटरने वर जातो. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ १०४ ने पळत असेल, हे वेगळेच. पुढची संरक्षक पत्र्याची प्लेट घासली असेल तर पुढचा स्पेसर कामाचा. आणि पुष्कळदा घासतो तो पायरीचा पाइप, बाजूला लोंबणारा फूटबोर्ड. तो काढून टाकला की अर्ध्या तक्रारी संपतात, आणि ते काम दोन पान्यांचे आहे. वर चढायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल हे मात्र मान्य.

पावसातल्या लाल चिखलात गाडी अडते ती बहुतेक वेळा टायरच्या नक्षीमुळे. नक्षीत चिखल भरून टायर गुळगुळीत झाला की दोन इंच उंच गाडीही तिथेच रुतते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी चांगल्या ऑल-टेरेन टायरमध्ये घाला.

आता पुढच्या बाजूचे गणित. व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स दोन्हींना पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या (अप्पर) आणि खालच्या (लोअर) अशा दोन आर्मनी धरलेले, आणि स्प्रिंगसकट शॉकअप लोअर आर्मवर उभा असतो. तो आर्मच्या टोकाला नसून मधे कुठेतरी बसतो. त्यामुळे शॉकअपच्या डोक्यावर २०-२५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की चाकाजवळ उंची साधारण दुप्पट, ४० ते ४५ मिलिमीटर वाढते. किट विकणाऱ्याच्या पानावर 'दोन इंच' लिहिलेले असते ते स्पेसरची जाडी की मिळणारी उंची, हे विचारून घ्या. दोन इंच जाडीचा स्पेसर कोणी पाठवला आणि तुम्ही तो बसवलात तर गाडी जवळजवळ चार इंच उचलली जाईल आणि चालणार नाही.

तीन इंच का नको? स्पेसरने स्प्रिंग मोठी होत नाही. ती आहे तेवढीच राहते, फक्त दोन्ही आर्म खाली झुकतात. चाकाला वर-खाली व्हायला जी एकूण चाल असते, तिच्यातली खालची चाल तुम्ही उंचीत खर्च करता. उंची जास्त झाली की खड्ड्यात चाक लटकायला जागा उरत नाही, अप्पर आर्म जाऊन स्प्रिंगला किंवा स्टॉपरला आपटतो आणि खाडकन आवाज येतो. बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा गोल सांधा, आपल्या मर्यादेच्या टोकाला काम करतो. फोर बाय फोरमध्ये पुढच्या अॅक्सलचे सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारे वाकते सांधे, जास्त कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट घडीवर घडी घासून फाटतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि लाल माती आत. आपल्याकडच्या मातीत उघडा सीव्ही जॉइंट पाऊस संपेपर्यंत टिकला तर नशीब. तीन इंच करायचेच असतील तर वेगळ्या कोनाचे अप्पर आर्म, लांब शॉकअप, पुढचा डिफरन्शिअल खाली घेणारे ब्रॅकेट, असे सगळे ओढून आणावे लागते. ते घरचे काम नाही, आणि तुमच्या कुळागराला त्याची गरजही नाही.

जुन्या काही पिकअपना पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी, असतो. त्या मालकांसाठी एवढेच: बारच्या बोल्टला फिरवण्याआधी चाक जॅकवर घेऊन भार काढा, किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा, दोन्हीकडे सारखे फिरवा आणि इंच-सव्वा इंचावर थांबा. पुढे गाडी बैलगाडीसारखी आपटायला लागते.

स्पेसर दोन जातीचे असतात. एक शॉकअपच्या डोक्यावर, तीन स्टडवर बसतो. दुसरा स्प्रिंगच्या आत, तिला जास्त दाबून बसवतात. दुसऱ्या जातीला घरी हात लावू नका. त्यासाठी स्प्रिंग कंप्रेसरने आवळून शॉकअप उघडावा लागतो, आणि आवळलेली स्प्रिंग सुटली तर ती माणसाचा जबडा मोडते. बाजारात दोन हुकांचे स्वस्त कंप्रेसर मिळतात ते मी माझ्या पोरांना गॅरेजातही वापरू देत नाही. पहिल्या जातीचा घेतलात तर स्प्रिंग उघडायचीच नाही. शॉकअपच्या डोक्यावर कडेला तीन नट दिसतील आणि मधोमध एक. मधल्या नटाने आतली दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. त्याला पाना लावायचा नाही, 'जरा सैल करून बघू' असेही नाही. पुतण्याला हे काम सुरू करायच्या आधी दाखवा आणि त्या नटावर रंगाचा ठिपका द्या.

लेथवर फिरवून स्पेसर बनवून देणारे आपल्याकडे म्हापशापासून फोंड्यापर्यंत भेटतील. जाड प्लेटमधून नीट फिरवलेला असेल तर माझा आक्षेप नाही. वेल्डिंग करून तीन नट चिकटवलेला असेल तर परत करा. स्टडच्या डोक्यावर १०.९ अशी खूण असते, निदान त्या दर्जाचा स्टड हवा. बिनखुणेचा काळा बोल्ट इथे चालत नाही. आणि अॅल्युमिनियमचा स्पेसर घेतलात तर लोखंडाशी टेकतो तिथे रंग किंवा ग्रीसचा थर द्या. खाऱ्या दमट हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना खातात, किनाऱ्याकडच्या गाड्यांत हे लवकर दिसते.

आता प्रत्यक्ष काम. पावसाळ्यात काढू नका. आदल्या संध्याकाळी गाडीखाली जाऊन तारेच्या ब्रशने सगळे बोल्ट साफ करा. आपल्या लाल धुळीवर पाणी पडून वाळले की आट्यांवर विटेसारखा थर चढतो, त्यावरून पाना फिरवला की आटे जातात. मग गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या सपाट जागेवर, चिऱ्यांच्या फरशीवर किंवा मातीवर नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त पंक्चरसाठी असतो, ट्रॉली जॅक भाड्याने आणा. पुढची दोन्ही बाजू एकदम उचला आणि चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांखाली जॅक स्टँड द्या. चिरे किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून गाडी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. चिरा भाराखाली काही न सांगता फुटतो. काढलेली चाके दाराखाली आडवी सरकवून ठेवा, स्टँड दगा देईलच तर गाडी चाकावर अडेल, माणसावर नाही. एक बाजू उचलून काम केले तर अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारी दांडी, दुसऱ्या बाजूला ओढत राहतो आणि बोल्ट बाहेर येताना उसळतो. म्हणून दोन्ही बाजू, आणि आधी त्या बारचे दोन्ही लिंक सोडवा.

एबीएसची वायर आणि ब्रेकचा होस ज्या छोट्या क्लिपांनी आर्मला बांधलेले असतात त्या सोडा. चाकाचा भाग खाली आला की पहिला ताण त्यांच्यावर येतो, आणि एबीएसची वायर आतून तुटली तर बाहेरून काही दिसत नाही, नुसता दिवा लागतो. लोअर आर्मखाली दुसरा जॅक टेकवा. शॉकअपचे वरचे तीन नट काढण्याआधी खडूने एका स्टडवर आणि बॉडीवर खूण करा, परत त्याच दिशेने बसवायचा आहे. बऱ्याच गाड्यांत शॉकअप बाहेर यायला जागा होण्यासाठी अप्पर आर्मचा बॉल जॉइंट सोडवावा लागतो. स्प्लिट पिन काढा, नट थोडा सैल करून आट्यांवर ठेवा, आणि नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाच्या, ज्या कानात जॉइंट बसतो त्या कानावर बाजूने हातोड्याचे दोन-तीन खणखणीत ठोके द्या. निसटतो. चिमट्यासारखे दोन दातांचे हत्यार घुसवले तर रबर फाटते. जॉइंट सुटला की नकल बाहेर कलंडतो आणि त्याच्याबरोबर सीव्ही शाफ्ट खेचला जाऊन आतला जॉइंट निखळू शकतो. म्हणून सुटण्याआधीच नकल तारेने चॅसीला बांधून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो शॉकअपचा खालचा बोल्ट. नट निघतो, बोल्ट निघत नाही, कारण तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजाने धरलेला असतो. पाना फिरवला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो, सोडला की परत उलटा येतो. ते रबर पिळले जात आहे, बोल्ट सुटलेला नाही. हे ओळखा आणि ताकद लावणे थांबवा. तेल मारा, नट उलटा अर्धा चढवून आटे वाचवा, पितळी दांडा ठेवून ठोका, मधे मधे फिरवा. गॅसची ज्योत लावायचा मोह होईल. रबर जळते, धूर घशात जातो, आणि शेवटी नवा बुश घ्यावाच लागतो.

शॉकअप बाहेर आला की स्पेसर त्याच्या स्टडवर बसवा, नट आवळा, आणि स्पेसरचे स्वतःचे स्टड बॉडीच्या भोकांत घाला. परत चढवताना खालची भोके जुळणार नाहीत, कारण शॉकअप आता लांब झाला आहे. लोअर आर्म पहारीने खाली दाबून किंवा जॅकने हळूहळू वर घेऊन जुळवा. बोट घालून भोक चाचपायचे नाही, पाना किंवा दांडा घाला.

आणि आता एक गोष्ट जी गॅरेजातही सर्रास चुकते. रबरी बुशातून जाणारे बोल्ट, म्हणजे शॉकअपचा खालचा, किंवा आर्मचे सैल केले असतील तर ते, गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हाताने लावून ठेवा. चाके चढवा, गाडी जमिनीवर घ्या, पुढेमागे करून बसू द्या, आणि त्या उंचीवर आवळा. हवेत आवळले तर रबर लटकत्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेले राहते. थोड्या महिन्यांत फाटते, आणि मालक म्हणतो स्पेसर वाईट होता. आवळताना टॉर्क रेंच वापरा आणि आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. बॉल जॉइंटला नवी स्प्लिट पिन, जुनी सरळ करून नाही. पहिले शंभर किलोमीटर झाले की सगळे पुन्हा एकदा तपासा.

आता मागची बाजू. मोजमापात पाटे थकलेले निघाले तर माझा सल्ला ब्लॉकचा नाही, पाटेवाल्याचा आहे. डिचोली-साखळी भागात खाणींच्या टिपरांवर हात बसलेले पाटेवाले आहेत. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर काहींनी दुकान गुंडाळले, पण जे आहेत ते पाट्याला परत कमान देणे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले जाणतात. त्यांच्याकडे पाटे नेताना मूळ कमानीचे माप सांगा, 'जरा उंच करा' असे म्हणू नका, नाहीतर ते टिपरच्या हिशेबाने उंच करतील. तुटलेला किंवा डोळ्याजवळ चीर गेलेला मुख्य पाटा कमान देऊन चालत नाही, नवा घ्या. पाटे काढणे-चढवणे घरी जमते. चॅसी स्टँडवर, अॅक्सल जॅकवर, शॉकअप सोडलेला. पाटा अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट मात्र नवेच. एकदा आवळून ताणलेल्या यू-बोल्टचे आटे दुसऱ्यांदा पकडत नाहीत, पकडले असे वाटते इतकेच. चढवताना सेंटर बोल्टचे डोके अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बरोबर बसले आहे का हे बघून मगच यू-बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा.

भार नेहमीच असतो आणि कमान देऊनही बसते, असे असेल तर एक जादा पाटा घालता येतो. रिकामी गाडी त्याने कडक चालेल. लांब शॅकलचा पर्याय विचारलात तर तो दिसायला सोपा आहे. शॅकल जितका लांब त्याच्या निम्मीच उंची मिळते, आणि अॅक्सल फिरून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, गाडी गुणगुणायला लागते. ब्लॉक, म्हणजे अॅक्सल आणि पाट्याच्या मधला ठोकळा, इंचभर असेल आणि एकसंध लोखंडी असेल तर मी विरोध करणार नाही. त्यापेक्षा उंच ब्लॉकवर चढावाला जोर दिला की अॅक्सल ठोकळ्याचा तरफेसारखा वापर करून पाटा पिळतो. ब्लॉकवर ब्लॉक रचायचा नाही, लाकडाचा तर मुळीच नाही. लाकडी ब्लॉकवर उभी असलेली एक गाडी माझ्याकडे चोर्ला घाट उतरून आली होती, यू-बोल्ट हाताने फिरत होते. लाकूड आक्रसले की आवळलेले सगळे सैल.

मागे उंची वाढवली तर ब्रेकचा होस आणि हँडब्रेकची केबल पूर्ण लटकत्या स्थितीत ताणत नाही ना ते बघा. काही पिकअपना अॅक्सल आणि चॅसीच्या मधे दांडी जोडलेला ब्रेकचा झडप असतो. हौद्यात भार किती आहे ते तो पाठ किती दबली यावरून ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब देतो. पाठ उचलली की त्याला गाडी कायम रिकामीच वाटते, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी पडतात. तुमच्या गाडीला तो असेल तर दांडीचे ब्रॅकेट जुळवून घेतल्याशिवाय घाट उतरू नका.

पुढे काम झाले की सरळ अलाइनमेंटला. तिथे 'अलाइनमेंट करा' एवढे म्हणालात तर बरेच जण फक्त टो, म्हणजे चाके वरून बघता आत-बाहेर किती वळली आहेत ते, जुळवून पैसे घेतात. उंचीने कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने दिसणारा स्टिअरिंगच्या आसाचा कल) दोन्ही हलतात. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही आणि हमरस्त्यावर गाडी भरकटते. तिन्ही आकड्यांची छापील पट्टी मागा, आधीची आणि नंतरची, आणि कंपनीच्या मर्यादेत बसत नसेल तर स्पेसर कमी जाडीचा घ्या. मोठे टायर घातले असतील तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढे आणि रिव्हर्समध्ये, एक चाक बांधावर चढवून बघा. घासते ते तेव्हाच कळते.

दिवे विसरतात सगळेच. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मिलिमीटर आहे. पुढून ४० मिलिमीटर उचलले तर गाडी सुमारे १.३ टक्क्यांनी मागे कलते. लो बीम मुळात एक टक्क्याच्या आसपास खाली झुकवलेला असतो, म्हणजे तो झुकाव संपूर्ण खाल्ला जातो. दहा मीटरवर प्रकाश तेरा सेंटीमीटर वर सरकतो, दिवा स्वतः वर गेला ते वेगळे. वाळपई-होंडा रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला तुमचा लो बीम हाय बीमच वाटणार. म्हणून कामाआधी दहा मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाच्या वरच्या कडेला टेप लावून ठेवा. नंतर त्याच जागी गाडी उभी करून, टेपच्या ४० मिलिमीटर वर नवी खूण करा आणि प्रकाश त्या खुणेवर आणा. हौद्यात भार असताना केबिनमधली दिवे वर-खाली करायची चकती असेल तर ती वापरा.

कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. थकलेल्या पाट्यांना मूळ मापाची कमान देणे ही दुरुस्ती आहे, त्यात कोणाला काही म्हणता येत नाही. स्पेसर हा बदल आहे. दीड इंच सहसा कोणाच्या डोळ्यात भरत नाही, पण 'कोणी पकडत नाही' आणि 'चालते' यात फरक आहे, आणि तो अपघातानंतर विमा कंपनी दाखवून देते. म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारा. वॉरंटी बाकी असेल तर सस्पेन्शनच्या तक्रारीवर कंपनी हात वर करू शकते हेही धरून चाला. टायर बदलायचे तर कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांतच राहा.

तर किट अजून मागवू नका. चारही चाकांची रिकामी आणि भरलेली मापे, ट्यूबने घेतलेला झुकाव, आणि खाली कुठला भाग घासला आहे त्याचा एक फोटो, एवढे आधी जमवा. माझा अंदाज असा की पाट्यांना कमान, फूटबोर्ड काढणे आणि टायर एवढ्यातच तुमचे काम भागेल. तरीही पुढून उचलायची असेल तर २० मिलिमीटरचा वरून बसणारा स्पेसर पुरे. पुतण्याला एक अख्खा रविवार मोकळा ठेवायला सांगा, खालच्या बोल्टसाठी सोमवारही.